संगणक आले, भीड कधी चेपणार?

सरकारी योजनांचे यश मोजण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. किती कोटी खर्च झाले, किती वस्तू वाटल्या, किती शाळांपर्यंत पोहोचलो, हे सांगितले की हिशेब पूर्ण झाला. शाळांमधील संगणकांचा हिशेब गेली चार दशके याच पद्धतीने मांडला जात आहे. केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ २०२४-२५ अहवालानुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय आहे आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. आदल्या वर्षी हे आकडे अनुक्रमे ५७.२ आणि ५३.९ टक्के होते. एका वर्षातील ही वाढ स्वागतार्ह आहे. कोणत्या शिक्षकाने संगणकाचे प्रशिक्षण घेतले, याचीही नोंद या व्यवस्थेत होते. मात्र प्रशिक्षण संपवून वर्गात परतलेला शिक्षक चाळीस मुलांसमोर ते यंत्र निःशंकपणे सुरू करतो का, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात विचारला जात नाही.

हा प्रश्न मऊ, मानसशास्त्रीय आणि म्हणून दुय्यम वाटण्याची शक्यता आहे. तो तसा नाही. अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मुख्य परीक्षा संगणकावर होते. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी संगणकावर होते. २०२३ मधील तलाठी भरतीची परीक्षाही संगणकावर झाली. घरात संगणक असलेल्या मुलाला परीक्षा केंद्रातील माऊस परका वाटत नाही. ज्याच्या शाळेतील संगणक कक्षाला कुलूप होते, त्याची मात्र पहिली काही मिनिटे यंत्राशी ओळख करून घेण्यात जातात. गुणवत्तेच्या स्पर्धेत ही मिनिटे कोणी भरून देत नाही. सरकारी शाळेतील मूल आणि खासगी शाळेतील मूल यांच्यातील हे नवे अंतर आहे. ते मिटवण्याची जबाबदारी ज्या शिक्षकावर आहे, त्याचीच भीड अद्याप चेपलेली नाही.

चेन्नईचा धडा

मी चेन्नईत राहतो आणि हे शहर या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सोयीचे आहे. १५ सप्टेंबर २०११ रोजी, सी. एन. अण्णादुराई यांच्या जयंतीदिनी, तत्कालीन मुख्यमंत्री जे. जयललिता यांनी विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. शासकीय व अनुदानित शाळांमधील उच्च माध्यमिक विद्यार्थी आणि महाविद्यालये व तंत्रनिकेतनांतील विद्यार्थी हे तिचे लाभार्थी होते. पहिल्या वर्षासाठी सुमारे ९ लाख लॅपटॉप आणि ९१२ कोटी रुपयांची तरतूद होती. पुढील काही वर्षांत ५० लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले आणि त्यानंतर योजना थांबली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात द्रमुक सरकारने २० लाख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन वर्षांत लॅपटॉप किंवा टॅब्लेट देण्याची घोषणा केली, त्यासाठी २,००० कोटी रुपये ठेवले, आणि जानेवारी २०२६ मध्ये वाटप सुरू झाले. द्रमुक आणि अण्णा द्रमुक यांचे फारच थोड्या गोष्टींवर एकमत होते. लॅपटॉप ही त्यांपैकी एक.

दिल्लीत आणि मुंबईत अशा योजनांना ‘रेवडी’ म्हणण्याची पद्धत आहे. तमिळनाडूतील मोफत वस्तूंचा वाद सर्वोच्च न्यायालयातही गेला होता; जुलै २०१३ मध्ये एस. सुब्रमण्यम बालाजी खटल्यात न्यायालयाने अशा आश्वासनांना निवडणुकीतील भ्रष्ट आचरण मानण्यास नकार दिला. मी या वादात लॅपटॉपच्या बाजूने आहे, आणि त्यामागे कारण आहे. ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील तरुणांची पाहणी आहे. त्यांच्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांच्या घरी संगणक होता. ज्यांच्या घरी तो होता, त्यांतील ८५ टक्के मुलांना तो वापरता येत होता. ज्यांच्या घरी नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. घरात संगणक असणे हे सुस्थितीचेही लक्षण असते, त्यामुळे सारे श्रेय यंत्राला देता येणार नाही. तरीही यंत्र आपले असणे, ते रात्री उघडता येणे, बिघडवून पुन्हा सुरू करता येणे, याला पर्याय नाही, एवढे मान्य करावे लागेल.

मग चेन्नईचा धडा कोणता? लॅपटॉप विद्यार्थ्याच्या हाती गेला, पण त्याचा वर्गातील अध्यापनाशी सांधा जुळला नाही. ज्या शिक्षकांनी त्या लॅपटॉपवर गणिताचा आलेख किंवा रसायनशास्त्राचा प्रयोग दाखवायचा, त्यांची तयारी हा योजनेचा गाभा कधीच नव्हता. विद्यार्थ्याने लॅपटॉप घरी नेला, शिक्षकाने फळ्यावर शिकवले आणि दोघांचे मार्ग वेगळे राहिले. ही उणीव राज्याच्या लक्षात आली नाही असे नाही. २०१९ मध्ये ‘कल्वी’ ही शैक्षणिक वाहिनी सुरू झाली, शासकीय माध्यमिक शाळांत अद्ययावत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षकांना सुमारे ८० हजार टॅब्लेट देण्याचा व २२ हजारांहून अधिक ‘स्मार्ट’ वर्ग उभारण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. क्रम मात्र पाहण्याजोगा आहे. विद्यार्थ्याला लॅपटॉप मिळाल्यावर तेरा वर्षांनी प्राथमिक शिक्षकाला टॅब्लेट मिळाला.

भीती नेमकी कशाची?

शिक्षक संगणकाला घाबरतात, असे म्हणणे सोपे आहे. तेच शिक्षक बँकेचे व्यवहार मोबाइलवर करतात, मुलांचे प्रवेश-अर्ज ऑनलाइन भरतात आणि तीन-चार व्हॉट्सअॅप गटांवर विभागाच्या सूचनांना तत्परतेने उत्तर देतात. भीतीचे मूळ यंत्राहून अधिक शाळेच्या कारभारात आहे.

पहिले मूळ जडवस्तू संग्रह नोंदवहीत आहे. संगणक शाळेत आला की तो या वहीत चढतो आणि मुख्याध्यापक त्याचा जबाबदार धनी होतो. पडदा फुटला, माऊस हरवला, तर लेखापरीक्षणात उत्तर त्याला द्यावे लागते. यंत्र दहा वर्षे न वापरता धूळ खात पडले, तर कोणी विचारत नाही. या परिस्थितीत शहाणा मुख्याध्यापक काय करील? तो कक्षाला कुलूप लावील आणि किल्ली स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवील. त्याला आपण मागास म्हणतो. वास्तविक तो व्यवस्थेने शिकवलेला धडा चोख गिरवत असतो.

दुसरे मूळ वर्गातील प्रतिष्ठेत आहे. आपल्या शाळांत शिक्षकाचे स्थान त्याच्या ज्ञानावर उभे असते. चाळीस मुलांसमोर प्रोजेक्टर सुरू झाला नाही आणि मागच्या बाकावरचा मुलगा उठून ‘सर, ती वायर सैल आहे’ म्हणाला, तर त्यात गौरव मुलाचा व्हायला हवा. पण शिक्षकाला तो आपला पाणउतारा वाटतो. ज्याला चुकण्याची मुभा नाही, तो नवीन काही करून पाहत नाही.

तिसरे मूळ कामाच्या स्वरूपात आहे. तमिळनाडूत शाळांची सारी माहिती ‘एमिस’ या प्रणालीत भरावी लागते आणि या कामाच्या ओझ्याविरुद्ध तेथील शिक्षक संघटनांनी वारंवार आवाज उठवला आहे. महाराष्ट्रातील शिक्षकांना ‘सरल’ आणि ‘यूडायस’ ही नावे सांगावी लागत नाहीत. संगणक म्हणजे वरिष्ठांनी मागितलेली माहिती आजच्या आज भरण्याचे यंत्र, अशी ज्याची वर्षानुवर्षांची ओळख, त्याला तेच यंत्र अध्यापनाचे साधन म्हणून आपलेसे वाटावे ही अपेक्षा फार मोठी आहे.

प्रमाणपत्र आणि सवय

या भीतीवरचा सरकारी उपाय ठरलेला आहे, तो म्हणजे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र. महाराष्ट्राचा अनुभव येथे बोलका आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम गावोगावी नेला. लाखो तरुणांनी पहिल्यांदा माऊस हाती धरला तो याच वर्गांत, आणि हे यश लहान नाही. पुढे हे प्रमाणपत्र शासकीय नोकरीसाठी आवश्यक झाले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांबाबत तर मुदतीत प्रमाणपत्र न मिळवणाऱ्यांच्या वेतनवाढी रोखण्याचा आणि दिलेल्या रकमेच्या वसुलीचा वाद अनेक वर्षे चालला. प्रमाणपत्र आले. पण ज्या कौशल्याची पहिली ओळख वसुलीच्या धाकातून होते, त्याविषयी आपुलकी निर्माण होणे कठीण असते.

त्याच महाराष्ट्रात दुसरी वाटही दिसली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. ती पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द मराठी शिक्षणविश्वात रुळला तो अशा प्रयोगशील शिक्षकांमुळे. या शिक्षकांनी यंत्र आधी स्वतःच्या एखाद्या अडचणीवर वापरून पाहिले, ते चालले, मग शेजारच्या शाळेने पाहिले, मग तालुक्याने. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला सिद्धांत हेच सांगतो. एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास सर्वांत अधिक बळकट होतो तो ते काम स्वतः करून जमल्याने. त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला ते जमलेले पाहून. उपदेशाचा प्रभाव त्याहून कमी. आपली प्रशिक्षणे नेमकी या उपदेशावर उभी आहेत. सभागृहात दोनशे शिक्षक, व्यासपीठावर एक तज्ज्ञ, पडद्यावर सादरीकरण आणि सायंकाळी हजेरीपत्रकावर सही. करोनाकाळात ‘दीक्षा’ मंचावरून झालेल्या प्रशिक्षणांनी प्रवासखर्च वाचवला. कळफलकावर बोट ठेवण्याची गरजही बरीचशी वाचवली.

पुरावा काय सांगतो

आत्मविश्वासाविना यंत्र निष्फळ ठरते, याचा पुरावा नवा नाही. केंद्राने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू करून सुमारे २५० शाळांत ब्रिटनमधील ‘बीबीसी मायक्रो’ संगणक बसवले. डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी अॅट स्कूल्स’ ही योजना आली, २०१२ मध्ये राष्ट्रीय धोरण आले, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने त्यावर आणखी एक प्रकरण लिहिले. प्रत्येक वेळी यंत्र आधी आले, शिक्षक नंतर.

वडोदऱ्याचे उदाहरण याहून अधिक शिकवणारे आहे. २००० मध्ये गुजरात सरकारने तेथील महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा फारच थोड्या शाळांत मुले ते वापरत होती. मग संस्थेने प्रशिक्षित मार्गदर्शक नेमले आणि चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, अशा पद्धतीने गणिताचे खेळ दिले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मूल्यमापनात गणितातील प्रगती लक्षणीय आढळली. संगणक तेच होते, शाळाही त्याच होत्या. बदलली ती त्यांच्यासमोर बसलेल्या मोठ्या माणसाची तयारी. याउलट पेरूमध्ये ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या कल्पनेनुसार ग्रामीण शाळांत लॅपटॉप वाटले गेले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित किंवा भाषा, दोन्हींत फरक आढळला नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. जुने शिक्षक निवृत्त होतील, मोबाइलवर वाढलेली पिढी शिक्षक होईल आणि प्रश्न आपोआप सुटेल, असा तो आक्षेप. मला हा आशावाद पटत नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के ग्रामीण मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्या आठवड्यात ७६ टक्के मुलांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, तर अभ्यासाशी संबंधित कामासाठी ५७ टक्क्यांनी. बोट सराईत होणे वेगळे आणि त्या साधनाने स्वतः शिकणे किंवा दुसऱ्याला शिकवणे वेगळे. पहिल्यातून दुसरे आपोआप येत नाही.

सराईतपणातही समानता नाही. २०२३ च्या ‘असर’मध्ये स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण २० टक्के होते. घरातील फोन भावाच्या हाती आणि शाळेतील कळफलकही वर्गातील धीट मुलाच्या हाती, असे घडले तर मुलगी दोन्हीकडे केवळ प्रेक्षक राहते. तमिळनाडूने मुलींच्या नावाने लॅपटॉप दिला, याचे मोल मला त्यामुळेच अधिक वाटते.

चेन्नईने दिलेला आणखी एक धडा भाषेचा आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये या शहरात झालेल्या ‘तमिळनेट ९९’ परिषदेतून तमिळ कळफलकाचे प्रमाणीकरण झाले आणि राज्य सरकारने ‘तमिळ ९९’ हा आराखडा स्वीकारला. स्वतःच्या भाषेत टंकन करता येणे ही आत्मविश्वासाची पहिली पायरी आहे. मराठी शाळांत मात्र आजही एकाला जुना फॉन्ट, दुसऱ्याला युनिकोड, एकाला इन्स्क्रिप्ट, तर दुसऱ्याला रोमन अक्षरांतून मराठी, असा गोंधळ दिसतो. शिक्षकाने घरी केलेली प्रश्नपत्रिका शाळेच्या संगणकावर उघडताच चौकोनांची रांग होते. अशा दोन अनुभवांनंतर तो हस्तलिखिताकडे परतला, तर दोष त्याचा नाही.

करता येईल ते

उपाय खर्चिक नाहीत. त्यांना प्रशासकीय धाडस मात्र लागेल.

एक, शिक्षकाला यंत्र विद्यार्थ्यांच्या आधी किमान एक सत्र मिळावे आणि ते घरी नेण्याची मुभा असावी. ज्याच्या घरी ते उघडले जाणार नाही, त्याच्या वर्गातही ते उघडले जाणार नाही.

दोन, वापरातून झालेल्या मोडतोडीसाठी शिक्षक किंवा मुख्याध्यापक यांच्यावर वसुलीची जबाबदारी नसावी. खरेदीच्या करारातच दुरुस्तीची मुदत असावी आणि किरकोळ दुरुस्तीसाठी शाळेच्या हाती थोडी रक्कम असावी. लेखापरीक्षणाने मोडलेल्या संगणकाइतकाच न वापरलेल्या संगणकाचाही जाब विचारावा.

तीन, सभागृहातील प्रशिक्षणांचा निधी शेजारच्या शाळेतील जाणत्या शिक्षकाकडे वळवावा. त्याने आठवड्यातून एक दिवस दुसऱ्याच्या वर्गात बसावे, एक पाठ सोबत घ्यावा, पुढचा पाठ त्या शिक्षकाने एकट्याने घ्यावा. महाराष्ट्रात दरमहा होणाऱ्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा या कामासाठी तयार चौकट आहेत. आयआयटी मद्रासचा २०२० मध्ये सुरू झालेला विदा-विज्ञानाचा पदवी अभ्यासक्रमही हेच तत्त्व मानतो. त्याच्या प्रवेशासाठी जेईई सक्तीची नाही. चार आठवडे अभ्यास करा, दर आठवड्याचे स्वाध्याय सोडवा, मग परीक्षा द्या. लहान यशांच्या पायऱ्या बांधून मोठ्या यशापर्यंत नेण्याची ही रीत शिक्षक-प्रशिक्षणात का नसावी?

चार, माहिती भरण्याचे काम शिक्षकाकडून काढून घ्यावे. ते लिपिकाचे काम आहे आणि त्यासाठी लिपिक नेमावा.

पाच, यशाचे माप बदलावे. किती शाळांत संगणक आहेत, याबरोबरच प्रत्येक मुलाला आठवड्यात किती तासिका कळफलकावर मिळाल्या, आणि त्यांत मुलींच्या किती, हे जाहीर व्हावे.

हे सारे आताच करण्याची निकड आहे. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता अभ्यासक्रमात आणण्याचा मनोदय केंद्राने जाहीर केला आहे. या यंत्राचा एक गुण आधीच्या कोणत्याही यंत्रात नव्हता. ते चुकीचे उत्तरही ठामपणे देते. ते उत्तर तपासून ‘हे चूक आहे’ असे मुलांना सांगणारा शिक्षक हवा असेल, तर त्याला आधी यंत्रासमोर ताठ मानेने बसता आले पाहिजे. भीड न चेपलेला शिक्षक एक तर त्या यंत्राला वर्गाबाहेर ठेवील किंवा त्याच्या प्रत्येक शब्दाला मान तुकवील. दोन्हींत नुकसान त्या मुलांचे, ज्यांना शाळेबाहेर दुसरा शिक्षक परवडत नाही.

निविदा काढून लॅपटॉप तीन महिन्यांत येतात. शिक्षकाचा विश्वास घडायला वर्षे लागतात आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. कदाचित म्हणूनच कोणत्याही पक्षाच्या सरकारने त्याला अग्रक्रम दिला नाही. पुढचा लॅपटॉप वाटण्यापूर्वी प्रत्येक राज्याने आपल्या किती शाळांमध्ये संगणक कक्षाची किल्ली मुख्याध्यापकाच्या खणात आहे, एवढी एक पाहणी जरी केली, तरी पुढील खर्च कुठे करायचा याचे उत्तर मिळेल.